शब्द माझेच : शकिरा आणि 'लाँड्री सर्व्हिस'

(बारांकिया. कार्निवलची मिरवणूक.)

हत्तीसारखी लोंबती सोंड, सुपाएवढे कान, अंगात उलटा चढवलेला कोट. हा मारिमोंदा. बड्या लोकांची टर उडवायला बारांकियातल्या गोरगरिबांनी काढलेलं सोंग. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, मागदालेना नदी समुद्राला मिळते तिथलं हे शहर. ख्रिस्ती लोकांचे ईस्टरआधीचे उपवास ज्या दिवशी सुरू होतात, त्या अ‍ॅश वेन्सडेच्या आधीचे चार दिवस ते असंच रस्त्यावर असतं. ढोल ऐका. नाचणाऱ्यांचे पाय सोडा, कंबर बघा.

गायिका शकिरा इसाबेल मेबारक रिपोल याच शहरात जन्मली. २ फेब्रुवारी १९७७.

(पुएर्तो कोलंबियाचा धक्का. ड्रोन.)

शहराबाहेर, समुद्रात लांबवर गेलेला हा धक्का १८९३ मध्ये सुरू झाला. यावर थेट आगगाडी यायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन, सीरिया आणि पॅलेस्टाइनची माणसं बोटीनं येऊन या किनाऱ्यावर उतरू लागली. त्यांच्या हातात ऑटोमन साम्राज्याचे कागद असत, म्हणून इथल्या लोकांनी सगळ्यांना सरसकट 'तुर्क' करून टाकलं. शकिराच्या वडिलांचं घराणं मूळ लेबनॉनचं. वडील स्वतः न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले आणि लहानपणी कोलंबियात आलेले. इथं त्यांचा जडजवाहिराचा धंदा होता.

(दुंबेक या अरबी हातढोलावर पडणारी बोटं.)

चार वर्षांची असताना एका हॉटेलात हे वाद्य ऐकलं आणि टेबलावर चढून नाचले, असं शकिरा सांगत आली आहे. शाळेच्या गायनवृंदात मात्र तिला घेतलं नाही. आवाज शेळीसारखा थरथरतो, म्हणाले.

१९९१ मध्ये पहिला अल्बम आला. चालला नाही. दुसराही नाही. १९९५ चा 'पिएस देस्काल्सोस' चालला आणि लॅटिन अमेरिका तिला ओळखू लागली. पुढच्या अल्बमसाठी लिहिलेली गाणी एका सुटकेसमध्ये होती आणि ती सुटकेस बोगोटाच्या विमानतळावर चोरीला गेली. शकिरानं सगळं पुन्हा लिहिलं आणि १९९८ मध्ये अल्बमला नाव दिलं, 'दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस?' चोर कुठे आहेत? शब्द दुसऱ्या कुणाकडून मागवणं तेव्हाही तिला सुचलं नव्हतं. हे ध्यानात असू द्या.

(मायामी. समुद्रकिनारा, रात्रीचे दिवे.)

१९९९. फेब्रुवारीत ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या मंचावर पुएर्तो रिकोचा गायक रिकी मार्टिन नाचला आणि अमेरिकी कंपन्यांना एकदम दक्षिणेकडचा नकाशा दिसला. जेनिफर लोपेझ, मार्क अँथनी, एन्रिके इग्लेसियास, एकामागून एक इंग्रजीत आले. बहुतेकांची पद्धत ठरलेली होती : गीतकार आणायचे, गाणी घ्यायची, गायकानं गायची. धंदा म्हणून यात काही चूक नाही. माल लवकर तयार होतो.

मायामीत एमिलिओ आणि ग्लोरिया एस्तेफान हे क्यूबन जोडपं होतं. ग्लोरिया गायिका, आणि स्पॅनिशकडून इंग्रजीकडे जाणारा हा पूल तिनं स्वतः ऐंशीच्या दशकात ओलांडला होता. तू इंग्रजीत गा, असा आग्रह तिनंच शकिराला केला. 'ओहोस आसी' हे शकिराचं अरबी वळणाचं गाणं मी इंग्रजीत करून देते, असंही सांगितलं.

शकिरानं ठरवलं, बाकीचं मीच लिहीन. अडचण एकच होती. तिला धड इंग्रजी येत नव्हतं.

(टेबल, यमकांचा कोश, खोडाखोड केलेले कागद. नाट्यरूपांतर.)

कोश आमचा, हात आमच्या एका मैत्रिणीचा. पण रीत शकिराचीच. शिकवणी लावली. यमकांचा कोश जवळ घेतला. अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमन वाचला, लिओनार्ड कोहेनची गाणी वाचली. मग उरुग्वेत, गावापासून दूर एक घर घेऊन ती लिहायला बसली. आधी स्पॅनिशमध्ये लिहून मग भाषांतर करायचं नाही, पहिली ओळच इंग्रजीत सुचली पाहिजे, हा हट्ट होता. अशा रीतीनं तिनं लिहिलेलं पहिलं गाणं 'ऑब्जेक्शन'.

(बांदोनियॉनचा भाता उघडतो, मिटतो.)

हे बांदोनियॉन. टँगो या अर्जेंटिनाकडच्या नाचाच्या संगीताचा जीव यात असतो. 'ऑब्जेक्शन'ची सुरुवात अशा टँगोनं होते आणि मग काही कळायच्या आत गिटार अंगावर येतात, साठच्या दशकातल्या रॉकसारख्या. नवरा, बायको आणि तिसरी यांच्या नेहमीच्या रडगाण्यात ही बाई भूमितीतला त्रिकोण काढून भांडते. इंग्रजीत मुरलेला गीतकार असं लिहायला धजला नसता, असं आम्हाला वाटतं.

(चारांगो. छोटं तंतुवाद्य, भराभर चालणारा हात.)

आणि हा चारांगो, अँडीज पर्वतातला. सोबत तिथलीच बासरी. 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर' यांच्यावर उभं आहे. संगीतकार टिम मिचेलबरोबर केलेल्या या गाण्याच्या इंग्रजी शब्दांत ग्लोरियाचाही वाटा आहे, तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. यातच ती प्रसिद्ध ओळ आहे : बरं झालं माझी छाती लहान, नाहीतर तू तिला डोंगर समजला असतास. समीक्षक हसले. बिचारीचं इंग्रजी कच्चं, म्हणाले. त्यांनी याच गाण्याचं स्पॅनिश रूप, 'सुएर्ते', ऐकायला हवं होतं. तिथंही तोच डोंगर आहे. इंग्रजी कच्चं नव्हतं, बाई तशीच विचार करते.

या गाण्यांचा अल्बम, 'लाँड्री सर्व्हिस', १३ नोव्हेंबर २००१ रोजी आला. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दोनच महिने झाले होते. 'ओहोस आसी' त्यात 'आइज लाइक युअर्स' होऊन आलं आणि अरबी ओळी जशाच्या तशा ठेवून आलं. तेरा गाण्यांपैकी चार स्पॅनिश. इंग्रजी अल्बम म्हणून विकलेल्या तबकडीत!

(चाहत्यांचे जुने फोटो, काळ्या केसांची शकिरा, मग सोनेरी केसांची.)

केसांवरून मात्र आपल्याच लोकांशी वाजलं. लॅटिन अमेरिकेतल्या जुन्या चाहत्यांना हा सोनेरी रंग म्हणजे अमेरिकेला विकलं जाणं वाटलं.

अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर उतरला, जगभरात एक कोटीहून जास्त खपला आणि पाठोपाठ जगभरचा दौरा झाला.

(मालेकोन देल रिओ, बारांकिया. ब्राँझचा पुतळा, पायापासून वरपर्यंत.)

नदीकाठचा हा साडेसहा मीटरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला. पोज बेली डान्सची आहे. गावातली पोरं त्याच्यासमोर तशाच कमरा वळवून फोटो काढतात. हे आमच्या कॅमेऱ्यासाठी चाललेलं नाही, इथं दिवसभर हेच चालतं.

ज्या वर्षी पुतळा बसला, त्याच वर्षी जानेवारीत शकिरानं अर्जेंटिनाचा संगीत निर्माता बिसाराप याच्याबरोबर एक गाणं काढलं. सगळं स्पॅनिशमध्ये. अमेरिकेच्या गाण्यांच्या मुख्य यादीत ते नवव्या क्रमांकावर गेलं. २००१ मध्ये इंग्रजी 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर' सहाव्यापर्यंत पोचलं होतं. २०२४ चा तिचा अल्बमही स्पॅनिशच आहे, आणि या खेपेला इंग्रजीत कधी गाणार, असं कंपनीतलं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.