केअर व्हिसा: नियम बदलतात, भोगतं कोण?

(मिरजेत नर्सिंगच्या विद्यार्थिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, कामाचं आधी सांगते. परदेशातून केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करणारे कामगार, घेणं ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून बंद केलं आहे. आजही एखादा एजंट ‘केअर होमचं काम आहे, महिनाभरात व्हिसा काढून देतो’ म्हणत असेल, तर तो तुम्हाला फसवतोय. त्याला एक रुपयाही देऊ नका.

रजिस्टर्ड नर्सची वाट चालू आहे. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी, संगणकावरची परीक्षा, मग तिकडे जाऊन ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा आणि तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, असा लांबचा प्रवास आहे. केअर वर्करला यातलं रजिस्ट्रेशन लागत नव्हतं. त्यामुळे हातात नर्सिंगची पदवी असलेल्या मुलीही त्या वाटेने गेल्या.

ही वाट ब्रिटनने स्वतःच्या गरजेपोटी उघडली होती. ब्रेक्झिटमुळे युरोपातून येणारी माणसं कमी झाली, कोविडने होती ती थकली, म्हाताऱ्यांची सेवा करायला हात उरले नाहीत. म्हणून फेब्रुवारी 2022 मध्ये केअर वर्करना ‘हेल्थ अँड केअर वर्कर’ व्हिसात घेतलं. 2023 मध्ये आरोग्य आणि केअर मिळून सुमारे 1 लाख 46 हजार कामगारांना हा व्हिसा मिळाला. पुढच्याच वर्षी तो आकडा 27 हजारांवर आला. मधे 11 मार्च 2024 पासून केअर वर्करना नवरा-मुलांना सोबत नेणं बंद झालं होतं. आई तिकडे दुसऱ्याच्या आईला अंघोळ घालणार आणि तिचं लेकरू इकडे आजीजवळ वाढणार, असा हा नियम. मला तो अमानुष वाटतो.

पण खरी मेख त्याच्याही आधीपासून आहे. हा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या मुलीचा दिवस बघा. सकाळी सातला एका आजोबांकडे जायचं. त्यांना उठवायचं, पुसून घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, नाश्ता भरवायचा. अर्ध्या तासात हे उरकून पुढचं घर गाठायचं. कित्येक कंपन्या मधल्या प्रवासाचे पैसे देत नाहीत. दुपारी दोन-तीन तास काम नाही, रात्री दहाला शेवटचं घर. पंधरा तास बाहेर राहूनही पगार सहा-सात तासांचाच. कागदावर कबूल केलेले तास मिळाले नाहीत तरी ती बोलत नाही, कारण मालकाने स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी दिलेला आधार, काढली की तिचं त्या देशात राहणंच धोक्यात येतं.

सरकारने लबाड मालकांवर कारवाई केली, तीही तिच्याच अंगावर आली. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात केअर क्षेत्रातली 470 हून अधिक स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार घेण्याचे मालकांचे परवाने, रद्द झाली. त्यांच्याशी जोडलेले कामगार 39 हजारांवर. गुन्हा मालकाचा, पण होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं, पत्र हिला येतं: साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. इकडे एजंटला देण्यासाठी घर गहाण पडलेलं असतं. हा व्हिसा एका मालकाऐवजी सगळ्या केअर क्षेत्रासाठी द्यावा, अशी युनिसन या तिथल्या मोठ्या कामगार संघटनेची मागणी आहे. ती मान्य झाली असती तर मालक बदलायला कुणाला भीती वाटली नसती.

आता कायमच्या वास्तव्याचं. पाच वर्षांनी ते मिळेल या आशेवर मुली गेल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या सरकारने अशा कामांसाठी पंधरा वर्षांचा प्रस्ताव मांडला, तोही आधीच तिकडे असलेल्यांना धरून. अर्ध्या वाटेत मुदत तिप्पट करणं हा शब्द मोडणं आहे, आणि हे आपल्याकडूनही ठणकावून सांगितलं गेलं पाहिजे.

तुमच्या ओळखीची कुणी तिकडे असेल तर तिला आजच कळवा. मालक बदलता येतो, पण नवा व्हिसा मंजूर होईपर्यंत जुनी नोकरी सोडू नकोस. पगाराच्या स्लिपा, रोटाचे (कामाच्या वेळापत्रकाचे) फोटो, एजंटला पैसे दिल्याच्या नोंदी मोबाइलबाहेरही जपून ठेव. नोकरी लावून देण्याचे पैसे कामगाराकडून घेणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तक्रार करताना या नोंदी लागतील.