ब्लॅक हिस्टरी मंथचा ग्रुप प्रोजेक्ट: ‘शोध लावला’ असं लिहिण्याआधी पेटंट उघडा

नमस्कार मंडळी! फेब्रुवारी जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांचे आणि शिक्षकांचे तेच प्रश्न येतात. शाळेत ब्लॅक हिस्टरी मंथचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याचा, ग्रुप प्रोजेक्ट आहे, कुणावर करायचा, माहिती कुठून आणायची, वर्गात कसा घ्यायचा? आज सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

पार्श्वभूमी पटकन. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकारांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला, कारण राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस या दोघांचे जन्मदिवस त्याच सुमारास येतात. १९७६ मध्ये आठवड्याचा महिना झाला. पुढे जाऊ.

गट पाच-पाच मुलांचे करा. वाटणी मात्र ‘तू लिही, तू चित्र काढ, तू बोल’ अशी नको. तशी केली की एक मूल सगळं वाचतं आणि बाकीची चार रंग भरत बसतात. कामं वाटू नका, प्रश्न वाटा. ही जिगसॉ पद्धत एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत आणली. तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसायला लागली होती आणि वातावरण तापलेलं होतं. प्रत्येकाच्या हातात माहितीचा असा तुकडा दिला, जो गटात दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. मग ऐकून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही! आपल्या विषयाला याहून योग्य पद्धत मला दिसत नाही.

पहिल्या दोन तासिका अख्ख्या वर्गाला एकच व्यक्ती द्या. उदाहरणार्थ, ॲलिस बॉल ही कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. प्रश्न पाच: ती शिकली कुठे? कुष्ठरोगावरच्या चौलमुग्रा तेलाची (एका झाडाच्या बियांच्या तेलाची) अडचण काय होती? तिने नेमकं काय केलं? तिच्यानंतर ते काम कुणाच्या नावावर गेलं? श्रेय परत कसं मिळालं? पाचही गटांतली एकाच प्रश्नाची मुलं एकत्र बसवा (तिसऱ्या प्रश्नाची ती ‘तीन नंबर’ची), वीस मिनिटं. मग आपापल्या गटात परत, प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला.

दोन ते पाच नंबरच्या मुलांकडून मिळून एवढं यायला हवं: तेल पोटात घेतलं की मळमळायचं, टोचलं तर दाट असल्यामुळे अंगात नीट भिनायचं नाही. बॉलने त्यातल्या फॅटी ॲसिडची एथिल एस्टर (तेलाचं पातळ रूप) बनवली आणि ती इंजेक्शनने देता येऊ लागली. १९१६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती गेली. पुढे तिच्याच कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ आर्थर डीन यांनी तिचं नाव न घेता हे काम प्रसिद्ध केलं. १९२२ मध्ये तिला या कामाला लावणारे डॉक्टर हॉलमन यांनी लेखात ‘बॉल पद्धत’ असं नाव छापलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. (कोकणातली मंडळी, चौलमुग्र्याच्याच वर्गातलं झाड आपल्याकडे आहे. कडू कवठ!)

आता अवघड पायरी, आणि माझी कळकळीची विनंती. पोस्टरवर ‘अमक्याने तमक्याचा शोध लावला’ हे वाक्य चिकटवण्याआधी त्या काळातला एक कागद उघडून बघा. पेटंट, वर्तमानपत्र, अहवाल, काहीही. दोन वेबसाइट म्हणजे दोन पुरावे नव्हेत. वाक्यं शब्दशः सारखी असतील तर एकीने दुसरीची नक्कल केलेली असते.

कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घ्या. मराठी घरांत हे नाव नवं नाही, त्यामुळे आपली मुलं हमखास त्यांनाच निवडतात आणि लिहितात, ‘यांनी पीनट बटर शोधलं.’ नाही शोधलं. माँट्रियलच्या मार्सेलस एडसन यांना शेंगदाण्याच्या लगद्याचं अमेरिकन पेटंट १८८४ मध्ये मिळालं, कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला आले १८९६ मध्ये. कार्व्हरांच्या नावावर तीन पेटंटं आहेत, १९२५ ते १९२७ मधली, सौंदर्यप्रसाधनं आणि रंगांची. मग त्यांचं मोठेपण कशात? कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी लावायला शिकवण्यात. १९०६ मध्ये गाडीला खेचरं जोडून फिरती शेतीशाळा थेट बांधावर नेण्यात. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाची लागवड आणि खाण्याच्या १०५ तऱ्हा शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत देण्यात. प्रोजेक्ट यावर करा ना!

दुसरी बाजू बघा, कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट मॉर्गन. ‘गॅरेट मॉर्गन यांनी ट्रॅफिक सिग्नलचा शोध लावला.’ लंडनमध्ये गॅसचा सिग्नल १८६८ मध्ये होता. मॉर्गन राहायचे त्या क्लीव्हलँडमध्येच विजेचा सिग्नल १९१४ मध्ये लागला होता. आता मुलांसमोर मॉर्गन यांचं १९२३ चं पेटंट उघडा, नंबर १४७५०२४, गूगल पेटंट्सवर फुकट आहे. आधी चित्राचं पान: उंच खांब, वर हलणारे हात, खाली फिरवायचा दांडा. मग मुलांना विचारा, ‘थांबा’ आणि ‘जा’ यांच्या मध्ये काय आहे? तिसरी स्थिती! चारही बाजूंची वाहनं थांबतात, चौक रिकामा होतो, चालणारे पार होतात. मुलांनी हे चित्रात स्वतः शोधलं की ‘शोध लावला’ हे पोकळ वाक्य ती आपणहून खोडतात.

तिसरी बाजू, कृष्णवर्णीय संशोधक लुईस लॅटिमर. ‘विजेच्या दिव्याचे खरे जनक’ असं लिहिलेलं सापडेल. त्यांचं १८८२ चं पेटंट दिव्यात उजेड देणारी कार्बनची तार बनवण्याच्या कृतीचं आहे. भाजताना तार वाकायची, तुटायची. त्यांनी ती पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवून भाजली, म्हणजे दोन्ही सारखंच आकसतं. ही बारकाई मुलाला समजली तर त्याला अभियंता म्हणजे काय ते कळलं.

एक कमेंट वारंवार येते: ‘अशाने त्यांचं श्रेय काढून घेताय.’ उलट आहे. पोकळ दावा वर्गात कुणी एकाने खोडला की अख्ख्या पोस्टरवरचा विश्वास उडतो, आणि खरं काम त्याच्याबरोबर वाहून जातं. पेटंटवर उभा असलेला दावा कुणाच्या बापाला खोडता येत नाही.

म्हणून प्रत्येक दाव्याला एक कार्ड. वर दावा, मध्ये त्या काळातला कागद आणि त्याचं साल, खाली तीनपैकी एक शेरा: खरं, अर्धं खरं, पुरावा मिळाला नाही. मुलामागे तीन कार्डं पुरतात. ‘पुरावा मिळाला नाही’ला पूर्ण गुण द्या, नाहीतर मुलं ओढूनताणून ‘खरं’ लिहितात. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर, नासाच्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांचा १९६० चा कक्षेच्या गणिताचा अहवाल नासाच्या साइटवर आहे. गणित समजलं नाही तरी पहिल्या पानावरचं नाव दाखवा.

वेशभूषेचा कार्यक्रम असेल तर कोट, टोपी, हातात पेटंट एवढं बास. चेहरा काळा रंगवायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही; तो कृष्णवर्णीयांचा अपमान आहे. आणि वर्गात एकच कृष्णवर्णीय मूल असेल तर ‘तू सांग ना’ म्हणून त्याच्याकडे वळू नका. त्यालाही इतरांसारखाच एक प्रश्न द्या.

वेळेचं विचारलंय बऱ्याच जणांनी. पंचेचाळीस मिनिटांच्या आठ तासिका: दोन सरावाच्या, तीन शोधाच्या, एक फक्त कार्डं तपासायची, दोन मांडणीच्या. कमी मिळाल्या तर मांडणीची एक कापा, तपासणीची अजिबात नको. तिन्ही उदाहरणांचे पेटंट नंबर आणि रिकामं कार्ड खाली डिस्क्रिप्शनमध्ये आहे. कार्ड पोस्टकार्डाच्या आकाराचं छापा, त्याहून लहान झालं तर मुलं साल लिहायचं सोडून देतात.