वारादची मेजवानी

मंडळी, रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करायला हवी, पण इम्रे तोकोली या हंगेरियन सरदाराची गोष्ट मी ऑक्टोबर १६८५ पासून सांगतो. वाराद म्हणजे आजच्या रुमानियातलं ओरादेआ. तिथल्या तुर्क पाशाने तोकोलीला बोलावलं, मानाने जेवू घातलं आणि जेवण आटोपल्यावर त्याच्या हातापायांत बेड्या ठोकल्या. आता गंमत बघा, हा काही तुर्कांचा वैरी नव्हता. तीनच वर्षांपूर्वी याच तुर्कांनी त्याला मुकुट पाठवला होता.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागं जाऊ. १५२६ मध्ये मोहाचला तुर्कांशी झालेल्या लढाईत हंगेरीचा राजा पडला. १५४१ मध्ये राजधानी बुडा तुर्कांच्या हाती गेली आणि देशाचे तीन तुकडे झाले. पश्चिमेला आणि उत्तरेला हाब्सबुर्ग सम्राट, मधला सपाट मुलूख सुलतानाचा, आणि पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनिया, सुलतानाला खंडणी भरणारं मांडलिक राज्य. दीडशे वर्षं हंगेरियन सरदार या दोन दरबारांच्या मध्ये उभे होते. इकडे आड, तिकडे विहीर. त्यातल्या त्यात कोणती कमी खोल, एवढंच काय ते बघायचं.

तोकोलीला हे तेराव्या वर्षीच कळलं. त्याचा जन्म १६५७ चा, केश्मार्कचा. घराणं श्रीमंत आणि ल्युथरपंथी. सम्राट लिओपोल्डविरुद्धचा सरदारांचा कट १६७० मध्ये फुटला, सम्राटाच्या फौजेने अर्वाच्या किल्ल्याला वेढा घातला आणि त्या वेढ्यातच वडील वारले. पोरगा निसटून ट्रान्सिल्व्हेनियात पोचला. पुढे प्रोटेस्टंटांची देवळं बंद झाली, धर्मोपदेशकांना गलबतांवर वल्ही मारायला धाडलं गेलं. घरदार गमावलेले सैनिक जमले, ते ‘कुरुत्स’. विशी ओलांडली तोवर तोकोली त्यांचा म्होरक्या झाला होता.

१६८२ च्या जूनमध्ये त्याने मुंकाचच्या किल्ल्यात इलोना झ्रीनीशी लग्न केलं. ती विधवा, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी, कॅथलिक. तिच्या वडिलांचं डोकं याच लिओपोल्डच्या हुकमाने उडवलेलं. मिहाय तेलेकी या ट्रान्सिल्व्हेनियाच्या बड्या कारभाऱ्याच्या मुलीशी तोकोलीची सोयरीक ठरली होती, ती त्याने मोडली. हे नाव लक्षात ठेवा. इलोनाबरोबर तिच्या पहिल्या नवऱ्याचे, राकोत्सी घराण्याचे किल्लेही आले. प्रेम होतं की राजकारण? मला वाटतं, दोन्ही होतं.

त्याच वर्षी फ्युलेक गावी त्याला तुर्कांचा मुकुट आला. अट अशी की दर वर्षी ४०,००० थालेर, म्हणजे चांदीची नाणी, खंडणी द्यायची. तोकोलीने मुकुट घेतला, पण ‘राजा’ ही पदवी नाकारली आणि स्वतःला उत्तर हंगेरीचा अधिपती म्हणवलं. राजा म्हणवलं असतं तर आपल्याच लोकांच्या मनातून उतरलो असतो, हे तो ओळखून होता. माणूस कोवळा होता, पण भोळा नव्हता.

घात पुढे झाला, असं माझं मत. १६८३ मध्ये तुर्कांचा वजीर कारा मुस्तफा सम्राटाच्या राजधानीपाशी, व्हिएन्नाला हरला आणि नाताळच्या दिवशी बेलग्रेडला सुलतानाच्या हुकमाने त्याचा गळा आवळला गेला. त्यानंतर तुर्कांना तह हवा होता, आणि तहात द्यायला त्यांच्याजवळ तोकोली होता. म्हणून ती वारादची मेजवानी! पण बेड्यांची बातमी फुटली आणि कुरुत्स सैनिक हजारोंनी सम्राटाकडे गेले. तोकोलीचाच सेनानी दावीद पेत्नेहाझी पुढच्याच वर्षी बुडाच्या तटावर तुर्कांवर चालून गेला. तुर्कांनी घाबरून १६८६ मध्ये तोकोलीला सोडलं, पण आता फौज कुठली?

मुंकाच मात्र सम्राटाच्या फौजेशी लढत होतं. इलोनाने तो किल्ला दोन वर्षांहून जास्त धरला आणि जानेवारी १६८८ मध्ये शत्रूच्या हवाली केला. तिला व्हिएन्नाला नेऊन मुलांपासून तोडलं. त्यातला धाकटा, फेरेंत्स राकोत्सी, पुढे मोठं बंड उभारणार होता.

तोकोलीचा एकच डाव अजून बाकी होता. १६९० च्या ऑगस्टमध्ये तो तुर्कांनी दिलेली फौज घेऊन डोंगरातल्या अवघड वाटेने ट्रान्सिल्व्हेनियातल्या झेर्न्येश्तला उतरला आणि सम्राटाचा सेनापती हाइस्लर याला जिवंत पकडलं. त्या लढाईत विरुद्ध बाजूने मेला तो मिहाय तेलेकी. ट्रान्सिल्व्हेनियाची गादी तोकोलीला जेमतेम काही आठवडे मिळाली, पण हाइस्लरच्या बदल्यात इलोना परत मिळाली.

१६९९ मध्ये सम्राट आणि तुर्क यांच्यात झालेल्या कार्लोवित्सच्या तहानंतर तुर्कांनी त्याला सम्राटाच्या हवाली केलं नाही, पण सरहद्दीपासून लांब, आशिया मायनरमधल्या इझ्मितला ठेवलं. इलोना १७०३ मध्ये गेली, तो १७०५ मध्ये. तोवर तिकडे राकोत्सीचं बंड पेटलं होतं. तोकोलीच्या अस्थी १९०६ मध्ये केश्मार्कला आणल्या. तेव्हा ते गाव हंगेरीत होतं. आता ते स्लोवाकियात आहे.