दोन फेरे हाताने : घरच्या घरी टायमिंग बेल्ट

श्रोतेहो, आज मी सोबत एक जुना रबरी पट्टा आणला आहे. तो सध्या माझ्याच हातात राहू द्या. बोलणे संपल्यावर तुमच्याकडे देईन. हा माझ्या मारुती झेनच्या इंजिनातून काढलेला टायमिंग बेल्ट आहे. गाडी १९९६ सालची, कार्ब्युरेटरची. ९९३ सीसीचे, चार सिलिंडरचे, अॅल्युमिनियमचे इंजिन. हा पट्टा मी स्वतः, घराच्या अंगणात, दोन वेळा बदलला आहे. पहिल्या वेळी चुकीचा बदलला, म्हणून दुसऱ्यांदा बदलावा लागला. आजचे बोलणे मुख्यतः त्या चुकीविषयी आहे, कारण पट्टा बरोबर बसला असता तर मला त्याच्याविषयी फारसे काही कळलेच नसते.

पट्टा करतो काय, हे आधी थोडक्यात सांगतो. क्रँकशाफ्ट, थोडक्यात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या खाली-वर होण्याने फिरणारा दांडा; कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम, म्हणजे इंजिनाच्या झडपा, अर्थात व्हॉल्व्ह, उघडणारा दांडा. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या नेमके दुप्पट दात असतात आणि दातेरी पट्टा त्या दोघींना जखडून ठेवतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅम १,५०० घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येण्याच्या आत व्हॉल्व्हने आपल्या जागी परत जायचे असते, आणि ही शिस्त या बोटभर रुंदीच्या पट्ट्यावर अवलंबून असते. गंमत अशी की अशा दातेरी पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतील रबर उद्योगात तो शिवणयंत्रासाठी घडवला गेला, कारण वरची सुई आणि खालचे बॉबिन यांचा मेळ घसरून चालणार नव्हते. मोटारीत तो आला १९६०च्या दशकाच्या आरंभी, जर्मनीतील ग्लास या छोट्या कंपनीच्या गाडीतून; १९६६ साली फियाटने आपल्या दोन कॅमच्या इंजिनात तो घेतला आणि मग तो सर्वत्र पसरला. आपल्याकडे मारुती ८००, झेन, सँट्रो या गाड्यांनी तो घरोघरी नेला. आता पुष्कळ नव्या इंजिनांत त्याची जागा साखळीने घेतली आहे. तेव्हा काम अंगावर घेण्यापूर्वी आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. एकाच नावाच्या गाडीतही फरक असतो. आय-टेनच्या १.१ लिटरच्या इंजिनात पट्टा आहे आणि १.२ लिटरच्या इंजिनात साखळी.

पट्टा कधी बदलावा, याचे उत्तरही मॅन्युअलच देते. बहुतेक ठिकाणी ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा असतो आणि त्याच्या जोडीला वर्षांची मर्यादा असते. लोक किलोमीटर पाहतात आणि वर्षे विसरतात. आठवड्यातून एकदा भाजी आणायला निघणाऱ्या गाडीचे रबरही म्हातारे होतेच. शिवाय पट्टा तुटण्याआधी ओरडेल, कुरकुरेल अशी आशा धरू नये. आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, त्यांवर रबर आणि दातांवर नायलॉनचे कापड. वरून पट्टा ठणठणीत दिसत असताना आतले दोर झिजलेले असू शकतात. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, पण क्रँक आणि पिस्टन वेगाने फिरतच राहतात. काही इंजिनांत उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात अंतर उरते. तिथे गाडी केवळ बंद पडते. इतरांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्याचे काम निघते. डिझेल इंजिनात तर पिस्टन हेडच्या इतका जवळ येतो की बहुधा दुसराच प्रकार घडतो. आपले इंजिन पहिल्या जातीचे आहे असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तरी काम करताना ते दुसऱ्या जातीचे आहे असे धरूनच हात चालवावा.

आता माझ्या अंगणाकडे येतो. तयारीविषयी लांबण लावत नाही. इंजिन पूर्ण थंड हवे, बॅटरीची ऋण तार सोडलेली हवी, गाडी सपाट जागेवर हवी आणि चाक काढले असेल तर गाडी जॅकवर नव्हे, घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकलेली हवी. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. हे वाक्य मी दरवेळी म्हणतो आणि दरवेळी कोणीतरी हसतो. गियर न्यूट्रलला ठेवून स्पार्क प्लग काढून घेतले की इंजिन हाताने फिरवणे सोपे जाते, कारण दाब राहत नाही. मग बाहेरचे पट्टे, पाण्याच्या पंपाची पुली, क्रँकची बाहेरची पुली आणि शेवटी टायमिंगचे झाकण, असे एकेक उतरवत जायचे. ज्या गाड्यांत त्याच बाजूचे इंजिन माउंट काढावे लागते, तिथे आधी ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा घालून इंजिनाला आधार द्यावा. झाकण निघाले की कॅमच्या आणि क्रँकच्या तोंडाची, तेल अडवणारी सीले बोटाने चाचपून पाहावीत. तेल गळत असेल तर सील आताच बदलावे, कारण तेल लागलेला नवा पट्टा फार दिवस काढत नाही. टेन्शनरची, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या भागाची, चक्री बोटाने फिरवावी. ती खरखरली किंवा भिंगरीसारखी मोकळी फिरत राहिली, तर तिच्यातले ग्रीस संपले आहे. मी म्हणेन, ती काहीही सांगो, पट्ट्याबरोबर तीही नवी घालावी. आणि खोके पाहून नव्हे, दुकान पाहून माल घ्यावा. या वस्तूंची नक्कल बाजारात सर्रास मिळते.

मुख्य गोष्ट खुणांची. क्रँकच्या आतल्या दातेरी पुलीवर एक ठिपका असतो आणि तो ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आणायचा असतो. कॅमच्या पुलीवरची खूण वरच्या खाचेसमोर यायला हवी. कॅमच्या पुलीवर एकाहून अधिक खुणा असू शकतात, म्हणून आपल्या इंजिनाची कोणती, हे मॅन्युअलमधल्या आकृतीशी ताडून घ्यावे. क्रँकच्या बाहेरच्या पुलीवरही एक खूण असते. ती ठिणगीची वेळ पाहण्यासाठी असते, तिच्यावर पट्टा जुळवू नये. जुना पट्टा काढण्यापूर्वीच खुणा जुळवून घ्याव्यात आणि दोन्ही जागी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढावी. छायाचित्रही काढावे, पण खुणेच्या अगदी समोर डोळा नेऊन. वरून वाकून पाहिले तर अर्ध्या दाताचा फरक नजरेत लपतो.

माझ्या पहिल्या चुकीची सुरुवात इथेच झाली. जुना पट्टा काढताच कॅम टचकन हलला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा रॉकरमधून, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधल्या छोट्या दांड्यांतून, त्याला सतत ढकलत असतात. पट्टा सुटला की तो आपल्या सोयीच्या जागी जाऊन बसतो. या घराण्यातल्या इंजिनांचे मॅन्युअल म्हणूनच सांगते की हेडचे झाकण काढून टॅपेटचे, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधले अंतर ठरवणारे, सगळे स्क्रू आधी सैल करावेत, म्हणजे कॅम मोकळा फिरतो आणि पट्ट्यावरचा ताण खरा कळतो. ते मी वाचले होते. पण ते केले की नंतर प्रत्येक टॅपेटचे अंतर फीलर गेजने, म्हणजे पातळ मोजपट्ट्यांनी, पुन्हा बसवावे लागते, आणि तेवढे काम मला नको होते. मी एका हाताने पान्याने कॅम खुणेवर धरला आणि दुसऱ्या हाताने पट्टा चढवला. टेन्शनरची स्प्रिंग लावली, बोल्ट लगेच आवळला. इंजिन ज्या बाजूने पट्टा ओढते ती बाजू आधी ताठ हवी आणि ढिलाई फक्त टेन्शनरच्या बाजूला उरायला हवी. माझ्याकडे उलटे झाले होते. ताणाच्या बाजूला एका दाताची ढिलाई राहिली होती आणि मी टेन्शनर आवळून ती तिथेच कोंडली होती. अंधार पडत आला होता. मी झाकण लावले, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली.

गाडी सुरू झाली म्हणजे काम झाले, असा माझा समज झाला. आयडलला, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, ती थोडी थरथरत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, सैल करून किंचित फिरवला. थरथर कमी झाली. आणखी फिरवला, आणखी कमी झाली, आणि मग डिस्ट्रिब्युटर आपल्या खाचेच्या टोकाला जाऊन टेकला. तिथेच मला शंका यायला हवी होती. चार दिवसांनी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी दुसऱ्या गियरच्या वर चढेना. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते आणि मी पेट्रोलमध्ये भेसळ असावी असे बायकोला समजावत होतो.

त्या रात्री कागदावर हिशेब मांडला. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत. तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो, त्यामुळे कॅम एक दात मागे राहिला की व्हॉल्व्हही उशिरा उघडतात आणि ठिणगीही तेवढीच उशिरा पडते. डिस्ट्रिब्युटर फिरवून मी ठिणगी पुढे ओढली होती, पण व्हॉल्व्ह जिथे होते तिथेच होते. आयडल सुधारला तो ठिणगीमुळे. घाटात दम गेला तो व्हॉल्व्हमुळे. एका दुखण्यावर मी दुसऱ्याचे औषध दिले होते, आणि त्याने थोडे बरे वाटले हेच वाईट झाले. पट्टा बदलल्यानंतर कोणत्याही गाडीत ठिणगीची जुळणी तिच्या नेहमीच्या जागेपासून फार दूर न्यावी लागली, तर पाना खाली ठेवून टायमिंगचे झाकण उघडावे.

दुसऱ्या वेळी टॅपेटचे स्क्रू मुकाट्याने सैल केले. पट्टा क्रँकवर चढवला, ताणाची बाजू ताठ धरून कॅमवर नेला, आणि ढिलाई सगळी टेन्शनरच्या बाजूला सोडली. पट्ट्यावरचे बाण फिरण्याच्या दिशेने आहेत हे पाहिले. टेन्शनरचा बोल्ट हातानेच लावला, आवळला नाही. मग क्रँकच्या बोल्टवर गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने, सावकाश, पूर्ण दोन फेरे फिरवले. उलटे फिरवू नये. उलट फिरवण्यात ढिलाई पुन्हा चुकीच्या बाजूला सरकते. या दोन फेऱ्यांत स्प्रिंग पट्ट्याला तिच्या मापाने ताणून घेते आणि मगच टेन्शनर आवळायचा असतो. फिरवताना हाताला एकसारखा जडपणा जाणवतो. कुठे टणक अडथळा लागला तर जोर लावू नये, तिथेच थांबावे, कारण बहुधा पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असतो. हाताच्या जोराने टेकलेला व्हॉल्व्ह वाचतो. स्टार्टरने टेकवलेला वाचत नाही. माझ्या मते या सगळ्या कामाचा जीव या दोन फेऱ्यांत आहे. बाकीचे काम म्हणजे उघडणे आणि मिटणे.

टेन्शनर आवळून पुन्हा दोन फेरे द्यावेत आणि खुणा पाहाव्यात. क्रँकचा ठिपका बाणासमोर, कॅमची खूण खाचेसमोर. दोन्ही एकाच वेळी. नव्या पट्ट्यावर रंगाच्या रेघा असतील तर त्या मात्र परत जागेवर येणार नाहीत. पट्ट्याचे दात पुलीच्या दातांच्या पटीत नसतात, तेव्हा त्यावरून घाबरू नये. आवळताना टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजणारा पाना, वापरावा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे २५ सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला १० किलोचे वजन टांगल्याइतका जोर. अॅल्युमिनियमच्या अंगातले आटे यापेक्षा फार काही सोसत नाहीत; एकदा ते गेले की पट्टा राहिला बाजूला आणि आट्यांचेच काम होऊन बसते. शेवटी टॅपेटची अंतरे बसवावीत आणि ठिणगीची वेळ तपासावी. मी ती तपासली, तेव्हा डिस्ट्रिब्युटर आपल्या जुन्या जागी, खाचेच्या मधोमध परत गेला होता. गाडी रस्त्यावर येण्याआधीच मला उत्तर मिळाले होते.

हे काम कोणाकोणाने घरी करू नये, हेही सांगायला हवे. ज्याच्याकडे मॅन्युअल नाही, ज्याच्याकडे टॉर्क पाना नाही, आणि ज्याला संध्याकाळी गाडी घेऊन कुठेतरी जायचेच आहे, त्याने ती चांगल्या कारागिराकडे न्यावी. कारागिराचा हात आपल्यापेक्षा कितीतरी सफाईदार असतो. घरी करणाऱ्याजवळ त्याच्याहून जास्त असते ती एकच गोष्ट, वेळ. आणि पहिल्या खेपेला मी नेमकी तीच वापरली नव्हती. ज्या डिझेल गाड्यांत इंधनाचा पंपही याच पट्ट्यावर असतो, तिथे खुणा तीन होतात आणि पुल्या अडकवून ठेवण्याच्या खास खुंट्या लागतात; त्या नसतील तर अंदाजाने हात घालू नये.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवली आहे; तिच्यावर तारीख आणि किलोमीटर. खाली पहिल्या वेळेची तारीखही आहे, खोडलेली. आता हा पट्टा तुमच्याकडे देतो. नवा पट्टा कधी दुमडू नये, पिळू नये, कारण आतले काचेचे तंतू मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. हा जुना आहे, तेव्हा खुशाल दुमडून पाहा. दातांच्या मुळाशी बारीक चिरा उघडताना दिसतील.