दारावरचे सेनापती, पडद्यावरचे म्हातारबा

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर ड्रॅगन छापलाय, खाली 'चिनी नववर्ष आणि चाहत्यांची निर्मिती : मालकी कुणाची?' असा विषय आहे, आणि मघाशी दोन गृहस्थांनी मला चिनी दिव्यांच्या माळा दुरुस्त होतात का ते विचारलं. होत नाहीत, असा माझा समज आहे. चीन म्हटलं की आपल्याला एक तर माळा आठवतात, नाहीतर सोलापूरचे डॉ. कोटणीस. आज दोन्ही नाहीत. मालकीच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, फक्त थोडा वळसा घालून.

बरीच वर्षं डोक्यात घोळणारी एक गोष्ट सांगायचीय. गोष्टीतल्या पात्रांवर जीव जडला की माणसं आपल्या हातानं त्यांची चित्रं काढतात, गाणी रचतात, त्यांना नव्या प्रसंगांत घालतात. हे इंटरनेटवरच्या पोरांचं खूळ आहे, असं मानलं जातं. चिनी नववर्षाकडे बघितलं तर हे खूळ किमान काही शतकं जुनं निघतं.

दारापासूनच सुरू करू. वर्ष बदलताना चिनी घराच्या दाराच्या दोन फळ्यांवर दोन द्वारपाल चिकटवतात. फार पूर्वी तिथे शनशू आणि युलू नावाचे भुतं पकडणारे भाऊ असत. मग गोष्ट आली: थांग सम्राट थायझोंगला रात्री भुतं छळायची, म्हणून छिन शूबाओ आणि युची गोंग हे सेनापती त्याच्या दाराशी उभे राहिले. रोज किती जागणार बिचारे? म्हणून त्यांची चित्रं लावली. कथेकऱ्यांनी ही गोष्ट रंगवली, मिंग काळात ती 'पश्चिमेचा प्रवास' या कादंबरीत शिरली, आणि लोकांनी जुने भाऊ काढून लाडके सेनापती दारावर चढवले. यासाठी कुणी फर्मान काढलं नव्हतं. आपल्याकडे बाहुबलीच्या थाटातला गणपती बसला की नाकं मुरडणारे असतात ना, तसे तिथेही त्या वेळी असणार. पण सेनापती टिकले.

आणि नुसते द्वारपाल नाहीत. त्येनजिनजवळच्या यांगलिउछिंगमध्ये, हनानमधल्या झूशियानझेनमध्ये, सूझोऊच्या ताओहुआवूमध्ये लाकडी ठशांवर नववर्षाची चित्रं छापत. यांगलिउछिंगला रेषा ठशाच्या आणि रंग बरेचसे हातानं भरलेले, त्या कामाला आसपासच्या गावांतली घरंच्या घरं लागायची. चित्रांत काय? गोंडस बाळं, मासे, आणि नाटकांतले प्रसंग. तीन राज्यांची युद्धं, श्वेतसर्पिणी, माकडराजा. ज्या शेतकऱ्याला नाटक मंडळी गावात आली तरच नाटक दिसायचं, तो वर्षभर ते भिंतीवर बघायचा. लू शुन यांनी बालपणीच्या आठवणींत लिहिलंय की त्यांच्या पलंगापाशी दोन चित्रं होती: एक त्याच 'पश्चिमेच्या प्रवासा'तल्या डुक्करतोंड्या बाज्येच्या लग्नाचं, जे त्यांना फारसं सभ्य वाटेना, आणि दुसरं उंदरांच्या लग्नाचं, ते मात्र भारी आवडतं. आधुनिक चिनी साहित्याचा जनक, आणि खोलीत पोस्टरं!

आता माझा आवडता किस्सा. घरी मनाई आहे, म्हणून इथे सांगतो. (हशा)

1983. चीनच्या सरकारी दूरदर्शनने नववर्षाच्या आदल्या रात्री मोठा कार्यक्रम थेट दाखवायचं ठरवलं. आजही तो होतो, जेवणाच्या टेबलाशेजारी टीव्ही चालू ठेवून सबंध देश तो बघतो आणि बघता बघता शिव्या देतो. पण पहिल्या वर्षी दिग्दर्शक हुआंग यीह यांनी गंमत केली. स्टुडिओत चार टेलिफोन ठेवले आणि प्रेक्षकांना सांगितलं, फर्माईश करा. फोन खणखणायला लागले. लोकांना काय हवं? गायिका ली गूयीचं एक हळुवार गाणं. नेमकं तेच गाणं काही वर्षं 'अधःपतित' म्हणून बाजूला ठेवलेलं. कुजबुजल्यासारखं गाते, मऊ गाते, म्हणून! फर्माइशींच्या चिठ्ठ्या येतायत, ढीग वाढतोय, आणि रेडिओ-दूरदर्शन खात्याचे मंत्री वू लंगशी समोर बसलेत. त्यांना विचारलं, नाही म्हणाले. आणखी चिठ्ठ्या आल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी मंत्र्यांनी होकार दिला, आणि ली गूयी थेट प्रक्षेपणात ते गायली. बंदी कधी उठली हे शोधायला कुठला कागद चाळायला नको, ती चार फोनांवर उठली.

तो होकार देताना त्या गृहस्थांच्या पोटात काय झालं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. आपल्यातल्या कुठल्या कमिटीवर कुणी बसलं असेल त्यांना ते कळेल.

पुढे कार्यक्रम मोठा झाला, तालमी आणि तपासण्या वाढल्या, आणि प्रेक्षक सोफ्यावर गेला. मग 1999 मध्ये चीनच्या ईशान्येकडचा विनोदी नट झाओ बेनशान नटी सोंग दानदानबरोबर खेडवळ जोडप्याचं प्रहसन घेऊन आला. त्यातला म्हातारा ऐटीत 'सुधारणांचा वसंतवारा' वगैरे यमकं जुळवत सरकारी थाटाची कविता म्हणतो. लोक हसले. 2018 मध्ये कुणी तरी झाओ बेनशानच्या प्रहसनांतले शब्द अक्षर-अक्षर तोडले, सुरात बसवले, खाली ठेका दिला, आणि म्हातारबा रॅपर झाले. बिलिबिली या संकेतस्थळावर तो व्हिडिओ दहा कोटींहून जास्त वेळा बघितला गेला. ऐकताना लक्षात येतं की करणाऱ्याला ती प्रहसनं पाठ आहेत. वर्षानुवर्षं रात्री आईवडिलांशेजारी बसून पाहिल्याशिवाय कुठल्या वर्षीचं कुठलं अक्षर कुठे चिकटेल हे सुचत नाही. मला त्यात टिंगल कमी आणि माया जास्त दिसते. समोर काही चेहरे साशंक आहेत. ऐकून बघा, मग भांडू.

खुद्द बिलिबिलीचंही तेच. 2009 मध्ये मिकू या संगणकी आवाजाच्या जपानी गायिकेच्या एका चाहत्यानं ते सुरू केलं, तेव्हा नाव मिकूफॅन्स. जानेवारी 2010 मध्ये नाव बदललं, आणि त्याच नववर्षाला तिथल्या हौशी मंडळींनी स्वतःचा व्हिडिओ-कार्यक्रम जोडून-जोडून बनवला. एकानं गाणं, दुसऱ्यानं ॲनिमेशन. प्रेक्षकांच्या टिप्पण्या चित्रावरूनच आडव्या धावतात, त्यामुळे शुभेच्छांच्या गर्दीत चित्र दिसेनासं होतं. कुणाची तक्रार नसते. तेव्हापासून तो कार्यक्रम दरवर्षी होतो आणि...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मंत्र्याला चिठ्ठ्या आल्या तेव्हा त्यानं किती वेळ लावला, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. (हशा) बरं, मालकी. घाईत सांगतो.

माकडराजा आणि जुन्या कथांतला बालदेव नेझा यांना मालक नाही. म्हणून त्यांची चित्रं मोकळेपणानं निघतात, आणि म्हणूनच 2025 च्या नववर्षाच्या पहिल्या दिवशी आलेला नेझाचा दुसरा चित्रपट, ॲनिमेशनपटांत जगात सर्वाधिक कमाईचा, त्याच सार्वजनिक गोधडीचा एक तुकडा आहे. झाओ बेनशानची प्रहसनं मात्र कायद्यानं मोकळी नाहीत. अक्षर कापणारा पोरगा कायद्याच्या मेहेरबानीवर जगतो.

दुसरं, बिलिबिली मार्च 2018 मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात गेली. हौशींचा तो कार्यक्रम आता कंपनीचा आहे. देखणा असतो, पण मला जुना आवडायचा.

तिसरं, धोका फक्त वरून येत नाही. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस चीनमध्ये चाहत्यांच्या कथांचं एक मोठं परदेशी संकेतस्थळ बंद पडलं, आणि त्याआधी तक्रारींची मोहीम चालवली होती एका नटाच्याच चाहत्यांनी. त्यांना कथेतलं आपल्या नटाचं रूप रुचलं नव्हतं.

आणि शेवटचं, हे महत्त्वाचं, बसा, दोनच मिनिटं. लुओ त्यानयी ही 2012 मध्ये आलेली आभासी गायिका, म्हणजे संगणकातला आवाज आणि एक चित्र. तिचं नाव ज्या गाण्यांनी झालं त्यांतली बरीच चाहत्यांनी रचलेली. 2021 मध्ये ती सरकारी दूरदर्शनच्या त्याच नववर्षाच्या मंचावर गायली, जिथे कधीकाळी चार फोन होते. आवाजाचा मालक आहे, चित्राचा आहे, मंचाचा तर आहेच. ज्यांनी रात्री जागून तिला गाणी दिली त्यांचा हिस्सा कशात मोजायचा? माझ्या मते निदान श्रेयनामावलीत तरी मोजायला हवा, आणि पैसे मिळाले तर पैशातही. यांगलिउछिंगला रंग भरणाऱ्या बायकांची नावं चित्रांवर नसायची. इथे प्रत्येक व्हिडिओखाली नाव असतं, त्यामुळे तीही सबब उरलेली नाही.