योकोहामाचा धक्का आणि तुतीचा उतार

(दृश्य : समुद्रावरचे धुके, जुनी कृष्णधवल छायाचित्रे, लाकडी धक्का.)

१८५९च्या उन्हाळ्यापर्यंत योकोहामा हे एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागराकाठी वसलेले कोळ्यांचे लहानसे गाव होते. १ जुलै रोजी तेथे परदेशी व्यापाऱ्यांसाठी बंदर उघडण्यात आले आणि थोड्याच दिवसांत या धक्क्यावर डोंगराळ प्रांतांतून आलेल्या कच्च्या रेशमाच्या लडी रचल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वीची दोनशेहून अधिक वर्षे जपानने बाहेरच्या जगाशी होणारा व्यापार अगदी अरुंद फटीतून चालू ठेवला होता. नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावरची डच वखार, नागासाकीलाच येणारी चिनी जहाजे आणि त्सुशिमा बेटामार्फत कोरियाशी चालणारी देवघेव हेच काय ते मुख्य अपवाद. १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी युद्धनौका घेऊन आला, १८५८ मध्ये पाच देशांशी करार झाले आणि दार उघडले. ते जपानने राजीखुशीने उघडले नव्हते, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते. एखादा देश व्यापार करू लागल्यावर त्याचे भले झाले की वाईट, हे ठरवायचे तर व्यापार नसताना त्या देशात कोणती वस्तू कितीला मिळत होती हे माहीत असावे लागते, आणि जवळजवळ सगळेच देश कायम कोणाशी ना कोणाशी व्यापार करीत आलेले असल्यामुळे ती माहिती सहसा मिळतच नाही. जपानच्या बाबतीत ती मिळते. बाजार उभा होता, पैसा फिरत होता, आणि पेढ्यांच्या वह्यांत भाव नोंदले जात होते. दार बंद असतानाचे भाव आणि दार उघडल्यानंतरचे भाव, दोन्ही आपल्या हाती आहेत.

(दृश्य : लंडनचा शेअर बाजार, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे चित्र.)

या भावांकडे पाहण्याआधी थोडे मागे, लंडनला जाऊ. डेव्हिड रिकार्डो हा ॲमस्टरडॅमहून आलेल्या ज्यू कुटुंबातला माणूस. त्याने शेअर बाजारात भरपूर पैसा मिळवला आणि १८१७ मध्ये अर्थशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यातल्या परदेशी व्यापारावरच्या प्रकरणात त्याने चार आकडे मांडले. ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक मद्य तयार करायला १२०. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडाला ९० आणि तेवढ्याच मद्याला ८०. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस. मग पोर्तुगालने इंग्लंडकडून काहीही का विकत घ्यावे?

रिकार्डोचे उत्तर असे की, माणसे किती लागतात याची दोन देशांत तुलना करून भागत नाही. प्रत्येक देशाने एक वस्तू करताना दुसरी कोणती आणि किती सोडली, हे पाहावे लागते. जे सोडले त्याला आज आपण संधी खर्च म्हणतो. मद्याच्या एका नगासाठी इंग्लंडला कापडाचे १.२ नग सोडावे लागतात, तर पोर्तुगालला सुमारे ०.८९. मद्य पोर्तुगालला स्वस्त पडते आणि म्हणूनच कापड इंग्लंडला. एका नगाला एक नग अशी अदलाबदल झाली तर पोर्तुगालला ८० माणसांच्या श्रमात ९० माणसांचे कापड मिळते आणि इंग्लंडला १०० माणसांच्या श्रमात १२० माणसांचे मद्य. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात. आकडे रिकार्डोने सोयीसाठी कल्पिलेले होते, आणि त्यामुळे दोनशे वर्षे हा सिद्धांत फळ्यावरच जास्त राहिला. जपानमुळे तो जमिनीवर पाहता येतो.

(दृश्य : डोंगरउतारावरची तुतीची झाडे, मोठ्या छपराचे लाकडी घर, माळ्यावरची सुपे.)

आजच्या गुन्मा आणि नागानो प्रांतांत डोंगर फार आणि सपाटी थोडी. खाली दरीत पाणी खेळते, तेथे भात होतो, पण वरच्या कोरड्या उतारावर तो होत नाही. तुती मात्र होते. तिची पाने खुडून घराच्या माळ्यावर आणायची आणि सुपांत पसरलेल्या किड्यांना दिवसरात्र घालायची. किडा चार वेळा कात टाकतो. शेवटच्या काही दिवसांत तो इतका खातो की, हजारो किड्यांच्या पाने कुरतडण्याचा आवाज छपरावर पडणाऱ्या रिमझिम पावसासारखा घरभर ऐकू येतो. कोष तयार झाले की ते गरम पाण्यात सोडतात. डिंकासारखा चिकट पदार्थ सैल पडतो, मग बारीक कुंच्याने तंतूचे टोक शोधून चार-पाच कोषांचे तंतू एकत्र करून ते रहाटावर गुंडाळायचे. हे बहुतेक काम बायकांचे होते आणि शेतीच्या कामांतून उरलेल्या वेळात होत होते.

आता या घराला रेशमासाठी काय सोडावे लागत होते ते पाहा. उतारावर भात येणारच नव्हता, तेव्हा तेथे तुती लावून भात बुडाला असे म्हणता येत नाही. एकाच गोष्टीची अडचण होती. वसंतातल्या किड्यांची खादाडी आणि भाताची लावणी यांची गाठ पडे, आणि घरातले हात तेवढेच. या अडचणीवर पुढे जो उपाय निघाला तो मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत देखणा वाटतो. डोंगरात काही ठिकाणी दगडांच्या फटींतून भर उन्हाळ्यातही बर्फासारखा गार वारा येतो. तेथे दगडी कोठ्या बांधून किड्यांची अंडी ठेवू लागले. थंडीमुळे अंडी उबत नाहीत, लावणी आटोपल्यावर ती बाहेर काढायची आणि उन्हाळ्यात किंवा शरदात दुसरे पीक घ्यायचे. संधी खर्च हा शब्द ज्यांच्या कानावर कधी पडला नव्हता, त्या शेतकऱ्यांनी तो असा कमी करून दाखवला.

याच्या उलट ओसाकाजवळच्या कावाची भागातला कापूस. तो सपाट, चांगल्या जमिनीवर घ्यावा लागे, जेथे भातही येऊ शकला असता, आणि त्याला वाळवलेल्या तारली माशांचे खत पैसे मोजून विकत आणावे लागे. जपानला कापूस महाग पडत होता. फक्त, दार बंद असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

दार उघडल्यावर ते लक्षात आले. त्याच सुमारास फ्रान्स आणि इटलीतल्या रेशीम किड्यांवर पेब्रिन नावाचा रोग पडलेला होता, त्यामुळे युरोपला रेशीमही हवे होते आणि निरोगी अंडीही. जपानमध्ये रेशमाचा आणि चहाचा भाव चढला. बाहेरून सुती सूत व कापड, लोकरी कापड आणि साखर येऊ लागली. लोकरीचे तर बोलायलाच नको, कारण त्या देशात मेंढ्या जवळजवळ नव्हत्याच.

(दृश्य : क्योटोच्या निशिजिन भागातले हातमाग.)

भाव चढला म्हणजे कोणाला तरी तो द्यावा लागतो. क्योटोच्या निशिजिन पेठेतले विणकर पिढ्यान्‌पिढ्या देशी रेशमावर जगत होते, आणि आता तेच रेशीम योकोहामाकडे निघाले होते. ओरड इतकी झाली की १८६० मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, सरकारने रेशमासह पाच वस्तू आधी एडोच्या व्यापाऱ्यांकडे आणाव्यात आणि मगच बंदरावर न्याव्यात, असा हुकूम काढला. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे १८६६च्या करारान्वये आयातीवरील जकात बहुतांशी ५ टक्क्यांवर बांधली गेली, त्यामुळे सरकारला इच्छा असूनही कावाचीच्या शेतकऱ्याला आडोसा देता येईना. व्यापाराचे लाभ मोजणारे आकडे आणि हा विणकर, दोघेही खरे आहेत, आणि एकाने दुसऱ्याचे खंडन होत नाही.

त्या आकड्यांविषयी. डॅनियल बर्नहोफेन आणि जॉन ब्राउन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ आणि २००५ मध्ये ही जपानी सामग्री घेऊन रिकार्डोच्या सिद्धांताची परीक्षा केली. पद्धत ऐकायला सोपी आहे. १८६८ ते १८७५ या वर्षांत जपानने काय विकले आणि काय घेतले त्याची यादी करायची, आणि त्या प्रत्येक वस्तूची किंमत दार बंद असतानाच्या, म्हणजे १८५०च्या दशकाच्या आरंभीच्या भावांनी लावायची. सिद्धांत खरा असेल तर त्या जुन्या भावांनी बाहेर गेलेला माल स्वस्त आणि आत आलेला माल महाग निघाला पाहिजे. आठही वर्षी तसेच निघाले. मग त्यांनी विचारले की, जपानला हा माल घरीच करावा लागला असता तर देशाचे किती उत्पन्न त्यात खर्ची पडले असते? उत्तर आले, फार तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ ते ९ टक्के.

हा आकडा ऐकून काहींची निराशा होते. मला तो भरवशाचा वाटतो, कारण त्यात चमत्कार नाही. दरवर्षी उत्पन्नाचा अकरावा-बारावा हिस्सा एवढ्यासाठीच वाचतो की उतार तुतीला दिला आणि कापूस बाहेरून आणला, ही काही थोडकी गोष्ट नव्हे. पण यंत्रे, नवी विद्या, बाहेरून शिकून आलेले कारागीर यांचा हिशेब त्यात धरलेला नाही, आणि जपानच्या कथेचा पुढचा भाग नेमका तेथेच आहे.

(दृश्य : तोमिओकाची विटांची गिरणी, नंतर मुंबई बंदर, कापसाच्या गासड्या.)

१८७२ मध्ये गुन्मात तोमिओका येथे सरकारने फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वाफेवर चालणारी रेशीम गिरणी उभारली आणि घरगुती रहाटाचे काम गिरणीत आले. सुताची गोष्ट वेगळी झाली, आणि तिच्यात आपली मुंबई येते. १८८०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांचे जाडेभरडे सूत चीनप्रमाणे जपानमध्येही खपत होते. पण १८८३ मध्ये ओसाकात मोठी गिरणी सुरू झाली, दोन पाळ्यांत रात्रंदिवस चाती फिरू लागली, आणि तिच्या मागोमाग अनेक गिरण्या निघाल्या. त्यांना सूत नको होते, रुई हवी होती. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने जपान ते मुंबई अशी थेट जहाजे सुरू केली, कारण जुन्या युरोपीय कंपन्यांनी संगनमताने लावलेले भाडे दोघांनाही जाचत होते. १८९६ मध्ये जपानने रुईवरची आयात जकात काढून टाकली आणि कावाचीच्या कापसाचे उरलेसुरले दिवस संपले. १८९७ मध्ये जपानने आयात केलेल्या सुतापेक्षा निर्यात केलेले सूत जास्त झाले.

मुंबईच्या बाजूने पाहिले तर ज्या देशाला आपण सूत विकत होतो, तोच आता वऱ्हाड-खानदेशची रुई नेऊन चीनच्या बाजारात आपल्याच सुताशी स्पर्धा करू लागला. रुईच्या अडत्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले आणि गिरणीमालकांचे गेले. तुलनात्मक लाभ हा जमिनीत पुरलेला ठेवा असता तर असे घडले नसते.

रेशमाने मात्र त्यानंतरही बराच काळ साथ दिली. १९०९च्या सुमारास जपानने कच्च्या रेशमाच्या निर्यातीत चीनला मागे टाकले, आणि १९२९ पर्यंत दर पाच शेतकरी कुटुंबांपैकी सुमारे दोन कुटुंबे किडे पाळत होती. गिऱ्हाईक मुख्यतः एकच, अमेरिका. त्या वर्षी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि पाठोपाठ रेशमाचा भावही. उतारावर भात पिकत नव्हता, म्हणून तेथे तुती स्वस्त पडली होती. १९३० मध्ये कोषांना पुरेसा भाव उरला नाही, तेव्हाही तेथे भात पिकत नव्हता.