पट्ट्यापट्ट्यांनी पडलेली भोकं

चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर स्टीलची एक छोटी टाकी असते. पाणी, दोन थेंब साबण, चष्मा आत, बटण दाबलं की बारीक किरर्र. काम करतो तो ध्वनी मात्र ऐकू येत नाही. सेकंदाला साधारण 40 हजार कंपनं. आपला कान 20 हजारांपाशीच थांबतो.

आज चष्म्याऐवजी पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल. मिनिटभर टाकीत उभी धरली, आता उजेडासमोर बघा. टाचणीने टोचल्यासारखी भोकं. आणि पाणी साधं, नळाचं! मशीन नीट चालतंय का, हे तपासायची ही जुनी रीत.

ध्वनी पाण्याला ताणतो, लगेच दाबतो. ताणलं की सूक्ष्म बुडबुडे होतात, दाबलं की मिटतात. मिटताना आत क्षणभर काही हजार अंश तापमान. बुडबुडा धातूला लागून मिटला, तर पाण्याची सुईसारखी धार धातूवरच बसते. अशा मिटणाऱ्या पोकळीचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 साली मांडलं, जहाजांच्या पंख्यांना खड्डे का पडतात हे शोधताना.

आता टाकीच्या पाण्यात कॉस्टिक सोडा, म्हणजे तीव्र अल्कली. हे घरी करू नका.

अॅल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडची साल असते, जेमतेम काही नॅनोमीटरची. सोड्यात ती विरघळते. पातेलं धुण्याच्या सोड्याने काळं पडतं ते उगाच नाही. उघडा धातू पाण्याला भिडतो, हायड्रोजन निघतो. त्याचे बुडबुडे धातूला चिकटून थोडी जागा झाकतात. ध्वनी तेही झटकून टाकतो, ताजा सोडा आत आणतो. झीज वाढते.

म्हणून ध्वनी सगळेच धातू असे खातो, असं समजू नका. लोखंडाला अल्कली मानवते, त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साल तिच्यात टिकते. काँक्रीटमधली सळई वर्षानुवर्षं टिकते ती सिमेंटचा सामू (pH) 12-13, म्हणजे चांगलाच अल्कली, असल्यामुळे. अल्कलीतल्या लोखंडावर ध्वनी साल फोडतो आणि साल पुन्हा धरते. फोडणं भारी पडलं, तर खड्डे.

कुठलं भारी पडणार, ते ध्वनीच्या जोरावर आणि तुकडा कुठे टांगलाय यावरही ठरतं. फॉइल पुन्हा बघा. भोकं पट्ट्यापट्ट्यांनी पडलीत, जवळपास दोन सेंटीमीटरच्या अंतराने. पाण्यात या ध्वनीच्या एका लाटेची अर्धी लांबी तेवढीच.